दाढ, चार गोळ्या आणि म्हशाचा बैल

८ जानेवारी, सकाळ
डावीकडची खालची दाढ. दुखत नाही, जाणवते. चहा पिताना जाणवते, चहा न पिताना जास्त जाणवते.
निश्चय : कोणालाही सांगायचं नाही. जबडा उघडून बैलाचं वय सांगणारा आमच्या गावात एकच माणूस, तो मी. दोन दाती, चार दाती, सहा दाती, सगळं एका नजरेत. त्याचीच दाढ किडली हे कळलं तर पुढच्या वेळी बैलसुद्धा तोंड उघडणार नाही. गेल्या काही वर्षांत कोणी विचारायला आलेलं नाही, हा भाग वेगळा. हल्ली बैलच कमी झालेत.

८ जानेवारी, संध्याकाळ
मेव्हण्याचा, मंगेशचा फोन. म्हणतो, भावजी, म्हशाच्या जत्रंला चला, बैल घ्यायचा हाय, दात तुमीच बगायचं. दिवाळीत पावर टिलर घेतला, तरी शेवटी बैलच आठवला ना! टिलरच्या पूजेचा नारळ मीच फोडला होता. तेव्हाच मनात म्हणालो होतो, यंत्र ते यंत्र.
मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा तेराला, म्हणजे तोपर्यंत दाढ शांत हवी. शहापुरात दातांचा डॉक्टर आहे, पण त्याचं बाकडं रस्त्याकडे तोंड करून. एसटीतून उतरलेलं आख्खं गाव समोरून जातं. भीतीचा प्रश्न नाही. इंजेक्शनला मी भीत नाही. फक्त ते बघवत नाही.

९ जानेवारी
लोक नुसत्या गोळ्या खातात. मी कम्पॅरिझन करणार. दहापैकी मार्क देणार.
माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच स्नेहलचं मेडिकल. तिला म्हटलं, पाहुण्याची दाढ दुखतेय. तिने माझ्या गालाकडे बघत विचारलं, पाहुण्यांना अ‍ॅसिडिटी हाय का, बीपीची गोळी चालू हाय का? मी म्हटलं, पाहुणा ठणठणीत आहे. ती म्हणाली, मग ठणठणीत असतानाच डॉक्टरकडं पाठवा, काका.
पॅरासिटामॉल आणली. अर्धीच घेतली, शरीराला सवय नको. गुण आला का ते बघायला त्याच दाढेने सुपारी फोडली.
पॅरासिटामॉल : दहापैकी दोन. अगदीच लेचीपेची गोळी.

१० जानेवारी, सकाळ
आयबुप्रोफेन. स्नेहलने बजावलं होतं, जेवल्यावरच घ्यायची. पण साधा विचार केला : पोट रिकामं असेल तर गोळी वाटेत न अडकता थेट दाढेकडे जाईल.

१० जानेवारी, दुपार
दाढ थांबली. पोट सुरू झालं. छातीत असं जळजळलं की दाढेची आठवण येऊन बरं वाटलं.
आयबुप्रोफेन : दाढेचे सात, पोटाचे शून्य.
कविताने न विचारता पुढ्यात ताकभात ठेवला. बायकोला काहीही कळलेलं नाही.

११ जानेवारी
अ‍ॅस्पिरिन. ही गिळायची गोळी असं लोक समजतात. दुखतं तिथेच लावली तर? हिरडीला गोळी चिकटवून गिऱ्हाइकांची आधारकार्डं काढत बसलो. थोड्या वेळाने हिरडी पांढरी, आणि डोळ्यांत पाणी.
स्नेहल भडकली. म्हणाली, ती गोळी गिळायची असते, चिकटवली तर कातडी भाजते, पाहुण्याला कोणी सांगितला हा शहाणपणा? मी म्हटलं, एका अभ्यासकाने.
अ‍ॅस्पिरिन : अपात्र.

१२ जानेवारी
स्नेहलने स्वतः आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही मिळून असलेली गोळी दिली. दाढदुखीला ही जोडी बरी, पण जेवल्यावर, आणि सोबत दुसरी कुठलीच गोळी नाय, असा दम भरला. कविता समोर उभी राहिली म्हणून आधी जेवलो.
चमत्कार! दाढ आहे की नाही तेच कळेना. दहापैकी दहा. रोग मुळापासून गेला. स्नेहल म्हणते, दुखणं झाकलंय, गेलं नाय. तिचा धंदाच तो.
संध्याकाळी गाल थोडा भरल्यासारखा वाटला. ताकभात अंगी लागला असावा. तरी मफलर गुंडाळला. थंडी आहेच.

१३ जानेवारी
पहाटे गोळी घेऊन मंगेशच्या गाडीत बसलो. म्हशाला पाळणे, घोंगड्या, बैलच बैल. मंगेश बैल बघेचना, सारखा मोबाइल बघत होता. शेवटी मीच एक पांढरा गडी निवडला. मालक उंबरमाळीकडचे, धाकलूबाबा. वेसण धरली, बैलाचा खालचा ओठ ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, चार दाती!
बैलाने मान झटकली. त्याचं तोंड बरोबर माझ्या डाव्या गालावर. मी खाली बसलो. ओरडलो म्हणतात.
धाकलूबाबांनी सवयीने माझी हनुवटी धरली, तोंड उघडलं, आत बघितलं. भोवती ही गर्दी. मग म्हणाले, बैल सहा दाती हाय. पन ह्याला बाजारात आनायचा नव्हता.
सगळे हसले. मंगेश हसला नाही. मला उठवत म्हणाला, चला भावजी, मुरबाडला बारा वाजता आपला नंबर हाय. कसला नंबर, ते विचारायची सोय नव्हती. तोंड उघडत नव्हतं.
मुरबाडच्या कुणाली डॉक्टरीणबाईंनी हिरडी दाबली. पू. म्हणाल्या, शेवटची गोळी बरोबर होती, पण ती इथे येईपर्यंत कळ काढायला, इथे न यायला नव्हे. अजून थांबला असतात तर पू गळ्यापर्यंत गेला असता. हे ऐकून मंगेशचा चेहरा उतरला. इंजेक्शनच्या वेळी त्याला भीती वाटू नये म्हणून मी त्याचा हात धरला. डोळे मिटले, तेही त्याच्यासाठीच.
दाढ काढली.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ खाता येत नाही, गोड बोलताही येत नाही. तोंडात कापूस.
कविताला खुणेने विचारलं, मंगेशने बैल कोणता घेतला?
ती म्हणाली, त्याच्या घरी टिलर हाय, बैल कशाला? तुमी चहा उजव्या गालानं प्यायलात तवाच मी त्याला फोन केला. शहापूरचं बाकडं तुमाला नको, म्हनून मुरबाडचा नंबर लावला. दाढंसाठी तुमी हलला नसतात.
मग गावातलं कोणकोण हे जाणतं, तेही विचारलं. म्हणाली, मफलर बगून सगळं गाव.
मी भिंतीकडे तोंड करून पडलो. ती बाजूला बसली, आणि माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, बैलाला डॉक्टरकडं न्यायचं तर पुढं पेंढी धरत्यात. तुमच्यापुढं आमी बैल धरला.
मऊ भात खाल्ला. जेवल्यावर गोळी घेतली.