बारवेच्या पायऱ्या बुजवाव्यात

त्या सकाळी मी अंगण सारवलं, चूल पेटवली, कोकिळेची वेणी घातली आणि बारवेच्या पायऱ्या उतरून घागर भरून आणली. तिनं ओंजळ पुढे केली, मी पाणी ओतलं. मी घागर भरली तेव्हा बारवेत शेजारच्याच पायरीवर एक माणूस नारूचा सुजलेला पाय गार पाण्यात सोडून बसला होता. वर्षानं कोकिळेच्या गुडघ्यातून नारू, तो दोऱ्यासारखा लांब जंत, निघाला. ओढताना तुटला, पाय सडला आणि नवव्या वर्षी माझी मुलगी गेली. हे आधी लिहिते, कारण पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे.

मी झुंबरबाई, कै. वामनराव मास्तर यांची बायको, राहणार मौजे सावळखेड, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीवर आहे. हे मृत्युपत्र धमकी देऊन कोणी लिहून घेतलेलं नाही. धमकी दिली होती, पण ती न लिहिण्यासाठी. शाळेत गेले नाही, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले. अक्षर माझंच आहे.

१. बारव आणि भोवतालचं शेत माझ्या वडिलांनी मला बक्षीसपत्रानं दिलं. थोरले दीर उत्तमराव पाटील म्हणतात, बारव देवीची. बारव माझ्या बापानं खोदली. देवी पाटलांनी नंतर आणून बसवली. तिच्यावर माझा राग नाही. तिला काठावर लिंबाखाली सन्मानानं बसवावं.

२. बारव साऱ्या गावाला देते. अट एकच: पायऱ्या दगडांनी बुजवाव्यात, कठडा बांधून वर रहाट बसवावा. कोणाचाही पाय पाण्याला लागू नये. दोर ओढणाऱ्याची जात विचारू नये. नारूनं कधी विचारली नाही.

३. उत्तमराव पाटलांना काही नाही. कोकिळा आजारी पडण्याआधीच सरकारी कागद आला होता: पाणी फडक्यानं गाळा, नारूवाल्याला पाण्यात उतरू देऊ नका. तो चावडीवर वाचून दाखवायचा होता. "कागद सरकारचा, बारव देवीची," म्हणत पाटलांनी तो फडताळात टाकला. हे ते अजून फुशारकीनं सांगतात.

४. मास्तरांचं भिंग चांदबी बांगडीवालीला. मुलगी गेल्यावर मास्तर ते घेऊन बाजारोबाजार फिरले. बीबी गावच्या बाजारात पेल्यातल्या बारवेच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवून लोकांना नारू पोटात नेणारे किडे दाखवत होते, तेव्हा पाटील ओरडले, "काचीतच किडे भरून आणले बे यानं!"

मास्तर म्हणाले, "दादा, मंग भिंग बाजूले ठेवा. पेला उन्हात धरा अन् नुसत्या डोळ्यानं पाहा."

"पोरगी गेल्यापासून डोस्कं फिरलं याचं. चला रे!"

लोक हसत पांगले. चांदबी थांबली. तिनं पेला उन्हात धरला. "या अल्ला! नाचून राह्यले की हे! मास्तर, हेच पिऊन राह्यलो काय आपण?"

पुढे गावोगाव बोलवा झाली, की भिंगात पाहिलं की पोटात किडे होतात. मास्तर तापानं गेले, तेव्हाही लोक म्हणाले, भिंगानं खाल्ला. चांदबी मात्र आजही बांगड्या भरता भरता पाणी गाळायला सांगते. हात तिच्या हातात अडकलेला. बाई पळणार कुठे?

५. भुलाबाईच्या खेळात मुलींनी म्हणायला मी जोडलेलं गाणं:

नारूभाऊ, नारूभाऊ, आले कुठून?
बारवेच्या पाण्यातून, तुमच्याच घागरीतून!
नारूभाऊ, नारूभाऊ, जाल कशानं?
दुहेरी लुगड्यातून गाळल्या पाण्यानं!

पाटलांनी बंदी घातली, म्हणून मुली ते त्यांच्याच दारापुढे मोठ्यानं म्हणतात. जिला पाठ होईल तिचं ते गाणं. त्यावर कोणाचा दावा चालणार नाही.

६. कोकिळेचा परकर पेटीत आहे. कापड घट्ट विणीचं आहे. रहाटाजवळ रांजण ठेवून त्याच्या तोंडावर दुहेरी बांधावा. पेटीत ठेवून रडण्यापेक्षा बरं.

७. माझं तेरावं घालू नये. जेवायला येतील आणि पाणी न गाळता पितील.

वाचून, समजून, रागावूनच सही केली आहे.

झुंबरबाई
मौजे सावळखेड, ता. ८ फेब्रुवारी १९३७
साक्षीदार: तुळशीराम गवंडी, बद्रुद्दीन पिंजारी

मागाहून लिहिलेलं: सही झाल्यावर तुळशीराम म्हणाला, "वैनी, तुमी गेल्यावर पाटील हे होऊ देईन काय?"

"नाही देणार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी रांजणावर बांधायला परकर पेटीतून काढला, तुळशीरामला घेऊन बारवेवर गेले आणि सगळ्यात खालच्या कोरड्या पायरीवर पहिला दगड माझ्या हातानं ठेवला.