तेंपेवालीची बोलणी विहिणीला

क्लातेन, सोमवार, बाजार उठल्यावर

म्बाक रुमियातीस धाकट्या बहिणीचा, सुकिनेमचा सलाम. तुझे गुडघे आणि भावजींचा खोकला कसा आहे ते कळव. आम्ही सगळी धडधाकट आहोत, बिघडलाय तो फक्त मोबाइल. फोन करायचा सोडून ही बया कागद का खरडतेय, असं तू म्हणशील. तर तुझ्या नावावर बोट ठेवलं की सिलिंडरवाला उचलतो. (दोनदा येऊन सिलिंडर टाकून गेला. ठेवू कुठे?)

आमचे हे पाटबंधारे कचेरीतून रिटायर झाल्यापासून घरात काहीतरी नीट लावत असतात. आधी माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले. (चाळीस पानांचं जेवण होतं त्या दिवशी, आणि धने हाताला लागेनात. जाऊ दे.) मग त्यांची नजर माझ्या मोबाइलवर गेली. त्यात मी माणसं मला आठवतात तशी ठेवलेली, ‘येम तेंपे’, ‘मांडववाला बहिरा’, ‘नारळ तोंडाळ’. हे म्हणाले, “अगं, उद्या हा हरवला तर जेवणाच्या ऑर्डरी कुणाला विचारशील?” म्हणून सगळं कॉम्प्युटरवर चढवलं आणि नावं अक्षरवार लावली. नावंच लावली! नंबर बसले होते तिथेच. वर दोघांची अशी जोडणी केली, की कॉम्प्युटर म्हणेल तेच मोबाइल म्हणणार. मी मोबाइलवर एक नाव सुधारावं, तर संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर ते पुन्हा बिघडवून ठेवतो. यांना सांगितलं, तर म्हणतात, “दोन्हीकडे सारखं आहे ना?” सारखं आहे हो. सारखंच चुकलेलं आहे.

आता ऐक. आपल्या रेत्नोचं लग्न सोलोला जमत आलंय हे तुला ठाऊक आहेच. मुलाची आई बू हार्यानी, म्हणजे बोलणं असं मऊ, की ऐकताना आपणच उगाच पदर सावरावा. तिने घरी केलेला आंबवलेला गोड भात केळीच्या पानांत बांधून टोपलीभर पाठवला होता. दुसऱ्या दिवशी फोन वाजला, वर नाव ‘येम तेंपे’, तीच ती दारावर सोयाबीनच्या आंबवलेल्या वड्या घालणारी. मी चुलीपाशी, घामाने निथळत होते. उचलला आणि सुरूच झाले. “काय गं भवाने, तुझा कालचा माल कुत्र्याने हुंगून सोडला! आंबट ढाण! पुन्हा असला पाठवलास तर उंबरा चढू देणार नाही!” आणि हे सगळं आपल्या खालच्या बोलीत, जी मी येमशी आणि बकरीशी बोलते.  पलीकडून अगदी वरच्या, मानाच्या बोलीत, हळूच, “आपल्याला आवडला नाही, त्याबद्दल क्षमा असावी.” आणि फोन बंद.

संध्याकाळी ‘सोलोच्या विहीणबाई’ असं नाव आलं. मी हात पुसून, उभी राहून, येईल तेवढी वरची बोली बोलले, पायांची धूळ वगैरे. ती येम होती. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. धावत आली बिचारी, फुकटचे तेंपे घेऊन.

रविवारी सोलोचे लोक लग्नाची तारीख ठरवायला यायचे होते. आले नाहीत, निरोपही नाही. रेत्नो जेवत नाही. मी बघून घेईन. काळजी करू नकोस, मला काही नको.

तुझी,
सुकिनेम

ता. क. गाडी पकडून लगेच ये. माफी मागायची तर वरच्या बोलीत मागायला हवी, आणि माझी ती चौथीतच संपली. खालच्या बोलीत क्षमा मागितली, तर आणखी एकदा शिव्या दिल्यासारखं व्हायचं. तू मोठ्या घरांत वावरलीस. बोल तू, मी मागे मान खाली घालून बसते.

आणखी ता. क. येऊ नकोस. पाकीट चिकटवते आहे तोच बू हार्यानी स्वतः आली, हातात नवी टोपली. मी दारातच पाया पडायला वाकले, तर मला धरून खाली बसवलं. म्हणाली, त्यांच्याकडे तिने काहीही केलं तरी सगळे मान हलवून छानच म्हणतात, खरं तोंडावर सांगणारी मीच पहिली. मग चक्क आपल्या खालच्या बोलीत म्हणाली, “हा नव्याने केलाय. तूच सांग गं, आहे का आंबट?” रेत्नो दाराआडून बघत होती. मी घास घेतला. आंबट होता, दात आंबतील इतका. मी म्हटलं, मुळीच नाही. येईल तेवढ्या वरच्या बोलीत म्हटलं.