कोपराखालची जागा

३ फेब्रुवारी, मंगळवार

चकाचक करून आणली! कुणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं? तारा बदलून आणतो म्हणून पोरगा घेऊन गेला. मी म्हटलं, ने बाबा, तेवढाच बापाच्या वस्तूला हात लागेल तुझा. आणि आज दारात उभा! पाठीवर पिशवी, तोंडभर हसू. "आई, डोळे मीट." मी म्हटलं, डोळे मिटायला मी काय पाळण्यात आहे? तर त्याने चेन उघडली आणि आत आरसा! लालभडक आरसा. त्यात माझंच तोंड दिसलं, आ वासलेलं.

यांची बास गिटार. चार जाड तारांची. अख्खी हयात हॉटेलांत नि लग्नांत वाजवली यांनी. वरच्या कडेला उजवा हात टेकून टेकून रंग गेला होता, खालचं लाकूड उघडं पडून घामाने चॉकलेटी झालं होतं. पाठीमागे पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. गिटारीच्या डोक्यावर, खुंट्यांपाशी, सिगारेटचा डाग — तारेच्या टोकात पेटती सिगारेट खोचायचे आणि विसरून जायचे. हे गेल्यापासून रोज संध्याकाळी मी तिच्यावरून फडकं फिरवते. फडकं कसलं, हातच.

सगळं घासून काढलं! लाकडापर्यंत. आणि वर नवा रंग, नवं पॉलिश.

"नवी दिसतेय ना?" म्हणतो.

तोंडाला येईल ते बोलले. "बापाला दुसऱ्यांदा पोचवून आलास" — असंही बोलले. तो बसलाच नाही. पाण्याचा पेला भरून दिला होता, तसाच ठेवून गेला. जिना उतरताना बूट आपटत गेला, लहानपणी जायचा तसा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कामावर कुणाला सांगितलं नाही. काय सांगू? मी नव्या गिटारी जुन्या करून पोट भरते, आणि माझ्या घरातली जुनी नवी झाली! हसून लोळतील.

नवी गिटार जुनी करायचे आमच्या मालकाचे तीन प्रकार आहेत. थोडी जुनी, बरीच जुनी, आणि मेलेली उठलेली. आज मेलेली उठलेली होती. किल्ल्यांच्या जुडग्याने ठोके दिले, कडा सँडपेपरने उतरवल्या, गरम हवा मारून लगेच गार फवारा — पॉलिशला बारीक तडे जातात कोळ्याच्या जाळ्यासारखे. उघड्या लाकडावर बुटाचं पॉलिश चोळलं. न्यायला गिऱ्हाईक आलं. गोरंगोमटं, हातावर एक ओरखडा नाही. गिटार छातीशी धरून म्हणतो, "किती मैफली पाहिल्या असतील हिने!"

मी म्हटलं, "सोमवारपासूनच्या."

मालकाने डोळे वटारले. गिऱ्हाईक मात्र हसलं. त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, तरी नाटक करायचं. करू दे. त्याची हौस, माझी भाकरी.

८ फेब्रुवारी, रविवार

पोराचा फोन नाही. मीही केला नाही. दुकानात "पिशवी नको" म्हटलं. दिवसभरात तेवढंच बोलले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शेवटी फवारेला सांगितलं. कामावर रंग फवारतो म्हणून फवारे, खरं आडनाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल का देव जाणे. यांच्याबरोबर ड्रम वाजवायचा एके काळी, म्हणून यांना दादा नि मला वहिनी म्हणतो अजून.

ऐकून आधी हसला. मी ब्रश उगारला तेव्हा थांबला. मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही रडताय कशाला? लोक लांबून येतात तुमच्याकडे झीज करून घ्यायला. दादाची झीज तुम्हाला तोंडपाठ आहे. घाला की परत!"

"खोटी?"

"खोटी काय, खरी काय. रंग निघाला की निघाला."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. खरंच, काय हरकत आहे? परक्यांसाठी करते ते स्वतःसाठी का नको? डोळे मिटूनसुद्धा करीन. हात सांगेल कुठे काय होतं ते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बास कामावर नेली. मालक बाहेरगावी. सुरुवात सोप्यापासून, सिगारेटच्या डागापासून. कडेला काळा, मध्ये पिवळट, एका अंगाला शेपटी. तापलेल्या कैचीच्या टोकाने केला. फवारे म्हणाला, "हुबेहूब! दादा आत्ता खोकेल बघा."

हुबेहूबच होता. बघत राहिले. काहीच वाटलं नाही. सोमवारी दुसऱ्याच्या गिटारीवर करते तसाच एक डाग. तो डाग पडला तेव्हा मी यांना किती बोलले होते! "घर जाळाल एक दिवस!" आता कुणाला बोलू? कैचीला?

फवारेला म्हटलं, उद्या ये जरा लवकर. हाताची जागा उद्या करू. ती जमली म्हणजे जमलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज भलतंच झालं. नीट लिहिते.

आधी खडूने आखून घेतलं. वरच्या कडेचा मोठा पट्टा, हाताचा. त्याच्याखाली, जरा मागे, दुसरा छोटा चट्टा, माझ्या तळव्याएवढा. पुढे तारांखाली अंगठ्याचे दोन खळगे, एक मोठा एक बारका. सगळं जिथल्या तिथे. हात चुकला नाही माझा.

फवारे अंगाने यांच्यासारखाच, उंच, लांब हातांचा. त्याला स्टुलावर बसवलं. म्हटलं, धर दादा धरायचा तशी. त्याचा हात बरोबर मोठ्या पट्ट्यावर पडला. अंगठा मोठ्या खळग्यावर.

"आता छोट्या चट्ट्यावर टेकव."

टेकेना! खांदा पाडला, पाठ वाकवली, बास मांडीवरून खाली सरकवली. फवारे घामाघूम. "वहिनी, इथे हात न्यायचा तर कोपर उलटं बसवून आणावं लागेल."

"मग हे कसे टेकवायचे?"

त्याने बास खाली ठेवली. खडूच्या रेघांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघेना. म्हणाला, "हा दादाचा हात नाही हो. हा आखूड हात आहे. लहान माणसाचा."

मी म्हटलं, काहीतरीच. घरात लहान माणूस कोण होतं?

म्हटलं आणि हातातला खडू खाली ठेवला.

१५ फेब्रुवारी, रविवार

पोराला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"ती बास तू वाजवायचास?"

मागे त्याच्याकडे नळ वाहत होता, तो बंद झाल्याचं ऐकलं. मग म्हणाला, "हो."

शाळा सुटल्यावर, मी कामावरून येईपर्यंत. रोज! हे शिकवायचे. माझी पावलं जिन्यात वाजली की हा उडी मारून पुस्तक उघडायचा आणि हे बास भिंतीला टेकवून पेपर डोळ्यांपुढे धरायचे. "पेपर एकदा उलटा होता," म्हणाला. "तू म्हणालीस, आता उलटं वाचायला लागलात का? बाबा महिनाभर हसत होते."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"बाबा म्हणायचे, तुझी आई आपल्या दोघांची चामडी लोळवेल. घरात एक वाजवणारा पुरे आहे, म्हणेल."

म्हटलंच असतं! त्यात काय खोटं आहे? पण सांगून तर बघायचं!

मग विचारलं, "आणि घासून का टाकलीस?"

आता आवाज बदलला त्याचा. "आई, मी आलो की तू काय करायचीस? मला बसवायचीस आणि ती बास पुढ्यात घ्यायचीस. आणि त्या छोट्या चट्ट्यावरून हात फिरवत म्हणायचीस, बघ, इथे तुझ्या बाबांचा हात आहे. दर वेळी तोच चट्टा. आई, तो माझा हात होता. मी समोर बसलेला असायचो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय सांगू तुला? तुझं तेवढंच उरलं होतं, ते कसं काढून घेऊ? म्हटलं, नवी करून आणतो. मग तू पुसत बसणार नाहीस. दोन शब्द माझ्याशी बोलशील. गाढवपणा झाला. चुकलं."

"जेवलास का?" असं मी विचारलं. दुसरं सुचलंच नाही.

"अजून वाजवतोस?"

"नाही. बाबा गेल्यापासून नाही. विसरलो सगळं."

१६ फेब्रुवारी, सोमवार

खडू पुसला. कैचीचा डाग राहिला. राहू दे, तो माझा आहे, यांचा नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हातात दिवसभर परक्या गिटारी. एकाला 'थोडी जुनी' हवी होती, म्हणाला, कोपराच्या जागी जरा जास्त घासा. कुणाच्या कोपराच्या, म्हटलं. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. थट्टा कसली! उंच माणूस का बुटका, बसून वाजवणार का उभा, पोरगं का म्हातारा — सगळ्यांची जागा वेगळी असते, आणि आम्ही सगळ्यांना एकच ठसा मारतो. हे मला ठाऊक होतं की! रोजचं काम आहे. आणि घरच्या बासवर दोन माणसं बसली होती शेजारी शेजारी, तर मी एकच धरून चालले. एकाला जवळ ओढायच्या नादात.

हे दोघं काय बोलत असतील तासन्‌तास? मी जिना चढत असताना किती हसणं बंद होत असेल? मी आले की घरात शांत व्हायचं, मला वाटायचं दोघं दमलेत. मी बाहेर होते. तेव्हाही. आत्ताशी कळलं.

संध्याकाळी घरी आले ती चप्पल न काढताच पलंगावर बसले आणि बास मांडीवर घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. फडकं फिरवायला म्हणून नाही, धरायला. जड आहे हो! केवढी जड! यांच्या खांद्यावर कधी तेवढी जड दिसली नाही. उजवा हात वरून टाकला. मी बुटकी, हात आखूड. मोठ्या पट्ट्यापर्यंत पोचेच ना. मागेच राहिला, जरा खाली.

तिथे काही नव्हतं. नुसतं गार गुळगुळीत पॉलिश. पण जागा ओळखली मी. पोराची जागा.

जाड तार एकदा ओढली. पोटात घुमली. शेजारणीने भिंतीवर थाप मारली. मी परत ओढली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पोराला निरोप टाकला. इथे जसाच्या तसा उतरवून ठेवते, उगाच मागाहून 'असं म्हटलंच नव्हतं' नको.

"बास आहे तशीच ठेवलीय. मी तिला आता एक ओरखडा मारणार नाही, कुणाच्या नावाचा नाही. तू विसरला असशील तर आठव. तुझ्या बापाने तुला जे शिकवलं ते मला शिकवायचं, दर रविवारी, माझ्यासमोर बसून. मी चिडेन, तू ऐकून घ्यायचं. बोटं दुखली म्हणून मी सोडणार नाही. येतोस की नाही? परवा, रविवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही कळव. बघतो, पाहतो, असलं काही चालणार नाही."