हिच्या केसाचा आलेख

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. डोकं मात्र अर्धंच टेकवतोय, कारण डाव्या बाजूला औषध लावलं आहे आणि ते वाळेपर्यंत पुसायचं नाही असा नियम आहे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? तुमच्या मांजराचा माझ्यावरचा राग गेला का (मागच्या वेळी त्याच्या शेपटीचे चार केस मी न विचारता घेतले होते)? इकडे मी बरा आहे. बरा म्हणजे जेवतो, आंघोळ करतो, कामावर जातो.

ही तुझ्याकडे येऊन आठवडा होत आला. माहेरी न जाता नणंदेकडे का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुमच्या बहिणीला तुमच्याबद्दल काही सांगावं लागत नाही." तिने तुला खरंच काही सांगितलं नसणार (ती कुणालाच काही सांगत नाही, सगळा घोळ तिथेच आहे), म्हणून मी सांगतो.

तुला ठाऊक आहे, केसांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत मी नमुने तयार करतो. लोकांना वाटतं तिथे नुसते टकलावर केस उगवतात. ते काम खालच्या मजल्यावरचं. तिथे एका औषधाच्या चाचणीसाठी माणसं हवी होती, आणि माझं डोकं पाहून खालच्या डॉक्टरांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती माझ्या लग्नातही मी कुणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती. डाव्या बाजूला खरं औषध, उजव्या बाजूला औषध नसलेलं तसंच दिसणारं पाणी, म्हणजे फरक कळतो. फरक कळला. डावीकडे कोवळ्या गवतासारखं काहीतरी उगवलं, उजवीकडे पूर्वीसारखंच लख्ख. चाचणी संपेपर्यंत कापायचं नाही. मग त्यांनी दोन्ही बाजूंची मसुराएवढी कातडी काढून घेतली. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी जखम भरायला मदत करतात म्हणे, तर केस आलेल्या बाजूची जखम लवकर भरते का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी रोज फोटो. ते कोण काढणार? ही. जेवणाच्या टेबलाशी, दिव्याखाली, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पट्टी. (डावी आधी भरली. ती का भरली असावी, हे मी तिला इतक्या वेळा समजावलं की ती झोपेतही सांगेल.) औषधाला वारा लागू नये म्हणून रात्री खिडक्या बंद. उशांचे अभ्रे पिवळे पडले. ती एका शब्दाने बोलली नाही. आणि मी त्या न बोलण्यालाच समाधान समजत होतो.

आता वरचा मजला, म्हणजे माझा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना शरीरातल्या ताणाचं एक रसायन थोडं थोडं त्यात साठत जातं. मुळाकडून केसाचे तुकडे करत गेलं की मागच्या काही महिन्यांचा अंदाज येतो. आमच्या विभागप्रमुखांना (त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो) तुलनेसाठी निवांत माणसांचे केस हवे होते. मी छाती फुगवून सांगितलं, असं एक माणूस आमच्याच घरी आहे. घरी आरशासमोर बसवून मी हिच्या डोक्यामागची बारीक बट कापली. "एवढीशी पुरे का?" तिने विचारलं.

कोणता निकाल कुणाचा, हे आम्ही शोधायचं नसतं. मी शोधलं. निवांत माणसांच्या त्या ओळीत एकच आलेख डोंगरासारखा उभा होता आणि त्या डोंगरात मधेच एक खोल दरी. दरी नेमकी त्या दोन महिन्यांतली, जेव्हा नवं यंत्र शिकायला मला परगावी पाठवलं होतं. मी मोठ्या बाईंकडे धावलो. त्यांनी आधी नियम मोडल्याबद्दल मला फैलावर घेतलं, मग बसायला सांगितलं. "अहो, एका माणसाच्या केसावरून काही ठरत नाही. शाम्पू, ऊन, घाम, कशानेही आकडे हलतात. पुष्कळ लोकांचे केस तपासावे तेव्हा कुठे काही म्हणता येतं." माझ्या जिवात जीव आला.

तिथेच गप्प बसलो असतो तर आज ही घरात असती. पण मला राहवेना. जेवताना मी तो आलेख हिच्यापुढे ठेवला, दरीवर बोट ठेवलं आणि मोठ्या उत्साहाने सांगितलं की शास्त्रीयदृष्ट्या यातून काहीच सिद्ध होत नाही. तिने हातातला घास खाली ठेवला आणि कागद बराच वेळ पाहिला.

"सिद्ध होत नसेल," ती म्हणाली. "पण खरं आहे ते."

मी नव्हतो तेव्हा असं काय होतं, मी विचारलं. (वाटलं, रडेल, निदान भांडेल.) भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज तिने सांगितलं, "खिडकी उघडी ठेवून झोपत होते. संध्याकाळी चपला अडकवून वाटेल तिकडे जात होते. आणि मला कुणी काही समजावून सांगत नव्हतं."

यावर मी काय करावं, ताई? मी तिला समजावून सांगू लागलो. झोपेचा आणि त्या रसायनाचा संबंध वगैरे. मधेच मान वर केली तर ती ताट उचलून गेली होती. सकाळी बॅग दाराशी.

आता खिडक्या उघड्या असतात. वारा छान येतो. हिला ताण होता याचं वाईट वाटतंच, पण खरं खुपतं ते वेगळंच. ती बट कापताना हिचा चेहरा समोर आरशात होता, हातभर अंतरावर, आणि मी केस बघत होतो.

भाऊजींना नमस्कार. मांजराची माझ्या वतीने माफी माग.

तुझा,
मास्तर
(हे नाव तूच ठेवलंस, मी शाळेत होतो तेव्हा. तेव्हाच दोन धपाटे घातले असतेस तर!)

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. हिच्या कंगव्यात केस अडकले असतील. तिच्या नकळत थोडे पाकिटात घालून पाठव, मुळाकडच्या बाजूला दोरा बांध. तुझ्याकडे दरी पडली का, एवढंच पाहायचं आहे. आठवड्याभराचं केसात अजून उतरलेलं नसणार हे मला माहीत आहे. तरी पाठव.

पुन्हा ता. क. केस पाठवू नकोस. मी रविवारी येतो. तिला आधी सांग. "येऊ नका" म्हणाली तर तसं कळव. आणि काहीच बोलली नाही तर, ताई, ते 'हो' समजू नकोस.