खारट म्हटलेले पोहे

विसरभोळ्या कपिल,

तुले दारव्ह्यात एक आजी आहे, आठवते का?

सुरभीवर तुझा जीव, पण तू नागपुरात बसून हिंमत गोळा करून राह्यला. इकडं तुझ्या दोस्ताले, प्रफुलले, घरच्यांनी तिलेच पाहाले नेलं. तुझ्यापायी गड्यानं पोह्याले खारट म्हटलं, वरून तिच्या बापाले सांगितलं, "काकाजी, मी दुपारपर्यंत झोपतो." नकार आला. शेतीवाल्या पोराले आधीच पोरगी भेटत नाही, आता तर तालुकाभर बोभाटा झाला.

हे पत्र तोच लिहून राह्यला. "आजी, एवढं खोडतो," म्हणते. हे पत्र हा टपालपेटीत टाकणार नाही, मले ठाऊक आहे. तरी लिही रे प्रफुल!

कपिल, रविवारी ये, सुरभीले माग. पोहे खारट नव्हते, हे यानं आत्ताच मान खाली घालून कबूल केलं. लग्न झालं की तिच्या हातचे डबाभर याले पाठव, तर्री वेगळी बांधून.

तुझीच,
अनुसया आजी