सातवा हात

१९ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल, तुझ्या मित्राचा खोकला थांबला असेल अशी आशा करते. इकडे थंडी पडू लागली आहे. माझ्या गुडघ्याचं नेहमीचंच रडगाणं, ते काय सांगू. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मांजर पाळलंय आणि ते दिवसभर माझ्याच पायपुसण्यावर लोळत असतं.

फोन का केला नाही, पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मधेच "जाऊ दे गं ताई" म्हणतोस आणि मी सुटते. या वेळी मला सुटायचं नाहीये. पत्र अर्ध्यावर ठेवू नकोस, एवढंच मागते.

आमच्या पक्षात काय चाललंय ते वर्तमानपत्रात वाचलंच असशील. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्न करता यावं असा कायदा पुढच्या महिन्यात संसदेत मतदानाला येतोय. आमच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात आजवर एकच वाक्य आहे, लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. ते तसंच ठेवून सगळ्यांनी विरोधात मत द्यायचं, की ज्याला त्याला आपल्या मनाप्रमाणे मत देऊ द्यायचं, हे ठरवायला कार्यकारिणी शुक्रवारी बसली. तेरा जण. इतिवृत्त लिहायला चौदावी मी. सव्वीस वर्षं त्याच खोलीत, त्याच कोपऱ्यात, मांडीवर लघुलिपीची वही. मला तिथे कुणी माणसात धरत नाही. पंखा, घड्याळ आणि मी.

सगळ्यांचे फोन दाराशी टोपलीत ठेवायला लावले होते. दार आतून बंद. महिला आघाडीच्या प्रमुख, ज्यांना सगळे वहिनी म्हणतात, त्या पहिल्यांदा बोलल्या. वस्त्यावस्त्यांतून ज्या बायकांनी आपल्या शब्दावर विश्वास ठेवला त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने जाऊ, असं त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा गळा दाटून आला. ते सोंग नव्हतं. वहिनींना सोंग जमत नाही. मग तरुण मंडळी म्हणाली, आपल्याच सभासदांची मुलं आपल्याला सोडून चाललीत. आवाज चढले. अध्यक्षांचं तुला माहीतच आहे, धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. ते नुसता चष्मा पुसत होते.

शेवटी म्हातारे पशुवैद्य बोलले. वय एक्याऐंशी, पक्षाच्या स्थापनेपासूनचे. सगळ्यांना वाटलं, हे जुन्याच बाजूने बोलणार. ते म्हणाले, "माझी नात मला भेटायला येते तेव्हा तिची जोडीदारीण बाहेर गाडीत बसून राहते. दोन-दोन तास. मी खिडकीतून बघतो. मला त्या पोरीला घरात बोलवायचंय."

वकीलसाहेब, आमचे शिस्त समितीचे प्रमुख, हसून म्हणाले की दार उघडायला ठराव लागत नाही.

"मग ते बंद ठेवायला तरी कशाला लागतो?" म्हाताऱ्याने विचारलं.

मतदान हात वर करून झालं. ज्याला त्याला आपलं मत देऊ द्यावं, या बाजूने सात हात. विरोधात सहा. पशुवैद्यांचा खांदा धरलेला असतो, म्हणून त्यांनी डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार देऊन हात वर केला. मी पाहिलं आणि लिहिलं. अध्यक्षांनी "सात" म्हटलं आणि बैठक संपली.

त्याच संध्याकाळी पशुवैद्यांना अर्धांगाचा झटका आला. ते रुग्णालयात आहेत, डोळे उघडे आहेत, पण वाचा गेलीय.

काल वकीलसाहेबांनी मला बोलावलं. शनिवार, कार्यालय रिकामं. स्वतः उठून त्यांनी खुर्ची पुढे केली. ते म्हणाले, पशुवैद्यांचा हात खांद्याच्या वर गेलाच नव्हता; त्यांचं मत तटस्थ लिहायला हवं. सहा विरुद्ध सहा. आणि समसमान मतं पडली तर जुनी भूमिका कायम, असा आमचा नियम आहे. मंगळवारी अकरा वाजता इतिवृत्त वाचून अध्यक्षांची सही व्हायची आहे. अध्यक्ष वाचलं जाईल त्यावर सही करतील. बाकीच्यांनी ज्याने त्याने आपल्या सोयीचं पाहिलंय. म्हाताऱ्याला विचारता येत नाही. राहिली माझी वही.

मी म्हटलं, बघते. त्यांनी खणातून एक जुनं पाकीट काढलं, त्यातला एक कागद माझ्यापुढे सरकवला आणि अगदी मायेने म्हणाले, "किती स्वच्छ टाइप करता तुम्ही. एक खाडाखोड नाही. हा तुमच्या भावाने कधी पाहिलाय?"

धाकट्या, इथपर्यंत लिहून मी दोनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का बघायला. दुसऱ्यांदा दाराची घंटा वाजली म्हणून. कडी काढायच्या आधी तीनदा विचारलं, कोण आहे. खालच्या बाई होत्या, मांजर शोधत आल्या होत्या. कालपासून माझं असंच चाललंय. जिन्यात पाऊल वाजलं की वाटतं, वहीसाठी आले. वही शिलाई मशीनच्या खणात ठेवलीय, वर दोऱ्याची रिळं. साठीला आलेली बाई मी, आणि चोरासारखी माझ्याच घरात लपाछपी खेळतेय.

आता सांगते.

अकरा वर्षांपूर्वी पक्षाच्या शाळेतल्या नोकरीवरून तुला काढलं. तू भूगोलाचा तास घेत असताना शिपाई बोलवायला आला होता ना? तुला वाटलं, घरमालकाने चहाडी केली. तू त्याच्याशी कायमचं तोडलंस, त्याच्या बायकोच्या मयतालाही गेला नाहीस. त्या माणसाने काहीही केलं नव्हतं.

मी केलं होतं. वकीलसाहेबांनी मला विचारलं, मी हो म्हटलं. त्यांनी सांगितलं, लिहून द्या. मी माझ्याच टेबलावर बसून, माझ्याच यंत्रावर टाइप केलं की माझा भाऊ एका पुरुषाबरोबर नवराबायकोसारखा राहतो आणि हे मला स्वतःला माहीत आहे. खाली सही केली. तुला काढलं त्या संध्याकाळी मी घरी आले. तू माझ्या सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन पडला होतास. मी तुला गरम दूध दिलं. दोन महिने तू त्या सोफ्यावर होतास, आणि जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणालास, सगळं जग उलटलं तरी तू एकटी माझ्या बाजूने उभी राहिलीस, ताई. मी तेही ऐकून घेतलं.

का केलं, याचं उत्तर मी अकरा वर्षं शोधतेय. मला कुणी मारलं नव्हतं, कोंडलं नव्हतं. "तुमच्याही नोकरीचा विचार करावा लागेल" एवढंच ते म्हणाले होते. मी भ्याले. याहून मोठं कारण असतं तर तुला सांगितलं असतं.

ती भीती गेली नाही रे. तुझा फोन आला की आधी वाटायचं, कळलं की काय. तू आनंदात बोललास की हायसं वाटायचं, आणि फोन ठेवल्यावर आणखी भीती. म्हणून मी तुझ्याकडे कधी राहायला आले नाही. गुडघ्याचं निमित्त होतं. आणि त्याला "तुझा मित्र" म्हणत राहिले, कारण खरा शब्द उच्चारला तर पुढचंही तोंडातून निघेल असं वाटायचं. तो तुझ्या घरचा माणूस आहे. अकरा वर्षं झाली, तुझं दुखलंखुपलं तोच बघतोय.

मंगळवारी मी वहीत आहे ते वाचलं, तर वकीलसाहेब तो कागद तुझ्या पत्त्यावर टाकणार. तसं ते बोलले नाहीत. तुझा पत्ता अजून तोच आहे का, एवढंच विचारलं. त्यांच्या पाकिटाआधी माझं पत्र तुला मिळावं म्हणून उद्या टपाल कचेरी उघडायच्या वेळीच दारात उभी राहीन.

मंगळवारी माझा आवाज फुटेल की नाही, माहीत नाही. तुला शपथेवर काही सांगायचा हक्क मी घालवून बसलेय.

तुझी गुन्हेगार,
ताई


२३ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. पहिलं पत्र मिळालं असेल. झालं ते सांगते, मग तुला हवं तसं कर.

मंगळवारी मी उभी राहून इतिवृत्त वाचलं. कागद टेबलावर टेकवूनच वाचला. पशुवैद्यांच्या नावापाशी आले आणि थांबले. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मग वाचलं, "हात वर. मत ठरावाच्या बाजूने."

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, बाईंनी आठवण एकदा नीट तपासावी.

"आठवण नाही साहेब, त्या क्षणी लिहिलंय," मी म्हटलं आणि वही उघडून अध्यक्षांसमोर ठेवली. त्यांना लघुलिपी वाचता येत नाही, तरी ते बराच वेळ त्या रेघोट्यांकडे बघत बसले.

मग वकीलसाहेबांनी तो कागद काढला. टपालात टाकला नाही, तिथेच मोठ्याने वाचला. या बाईंचा भाऊच तसा असल्याने त्यांच्या नोंदीवर भरवसा ठेवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझीच वाक्यं त्या खोलीत ऐकताना वाटलं, जमीन दुभंगावी. बारा माणसं माझ्याकडे बघत होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. नंतर वहिनींनी सांगितलं. मी म्हणाले होते, "तो कागद खोटा नाही. खरं लिहून मी भावाचं घर मोडलं. आज खरं लिहून माझं मोडणार असेल तर मोडू दे."

अध्यक्षांनी चष्मा पुसला, लावला आणि सही केली. सात विरुद्ध सहा. आता ज्याला त्याला आपल्या मनाप्रमाणे मत देता येईल. कायदा होईल की नाही, कुणास ठाऊक. आमचे निम्मे तरी विरोधातच जातील.

वहिनी जिन्यापर्यंत माझ्याबरोबर आल्या. म्हणाल्या, "तुम्ही आमचं फार नुकसान केलंत." दोन पायऱ्या उतरल्यावर म्हणाल्या, "पण हात मीही पाहिला होता."

काल सकाळी मला पुढील सूचना येईपर्यंत घरी बसायचं पत्र मिळालं. सही वकीलसाहेबांची. अध्यक्षांनी फोनही केला नाही. टेबलाच्या खणातल्या माझ्या पेन्सिली आणायला गेले तर दारावरच्या माणसाने आत सोडलं नाही. तोच माणूस रोज मला उठून नमस्कार करायचा. रस्त्याने येताना पक्षाचे दोन कार्यकर्ते मागून चालत होते. ते कदाचित आपल्या कामालाच निघाले असतील. मी तरी दुकानात शिरले आणि ते पुढे जाईपर्यंत नको असलेला साबण हातात धरून उभी राहिले. बाहेरची भीती अशी आहे. तिच्याबरोबर राहता येईल.

दुसरी सांगते. काल दुपारी चार वाजता फोन वाजला. तुझा नंबर. मी समोरच उभी होते. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. मी उचलला नाही. बारा माणसांपुढे उभी राहिले, पण तुझ्या एका "हॅलो"ला सामोरी जाऊ शकले नाही. पत्र मिळालंय हे त्यावरूनच कळलं.

यापुढे वाजला तर उचलेन. तू शिव्या दे. घरमालकाबद्दल विचार. काही न बोलता नुसता धरून ठेवलास तरी चालेल. तुझ्या माणसाला बोलायचं असेल तर त्याला दे, त्याचाही तेवढाच हक्क आहे. मी सगळं ऐकेन, आणि त्यातला एक शब्दही कुठे लिहून देणार नाही.

तुझ्या आवाजाची वाट बघणारी आणि त्यालाच भिणारी,
ताई