तपकिरी गाडीची शेजारची सीट

नाही म्हणजे नाही, मो. कितीदा सांगायचं? तू चार पानं लिहिलीस आणि चारही पानांवर तेच. कॉव्हेंट्रीचा कोणी दातांचा डॉक्टर आहे, त्याने त्या जुन्या टीव्ही मालिकेचे सगळे भाग टेपवर जमवलेत, त्याला डॅडची गाडी हवी आहे. गॅरेजचं भाडं तुला झेपत नाही, महिनाअखेर ते सोडायचं आहे. आणि गाडीचे कागद माझ्या नावावर, म्हणून माझी सही हवी आहे. सही हवी ना? घे. पण विक्रीच्या कागदावर नाही, या कागदावर. वेल्फेअर साहेबांनी या तेलाच्या रिगवरच्या प्रत्येकाला मृत्युपत्र करून ठेवायला सांगितलंय. बायकापोरंवाल्यांनी लगेच केलं. मी टाळत होतो, कारण लिहायला बसलं की आपल्याकडे काय काय नाही ते दिसतं.

तर मी, क्लाइव्ह रेजिनाल्ड हॉब्डे, वय चोवीस, मूळ राहणार ॲक्टन, लंडन, सध्या मुक्काम शेटलंडच्या पूर्वेला समुद्रात, धंदा परांच्या बांधणे, डोकं ठिकाणावर असताना, दारू न पिता (इथे मिळतच नाही) आणि कोणी मानगूट न धरता, हे लिहून ठेवतो. याआधी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

प्रथम हत्यारं. माझा पाना, कमरेचा पट्टा आणि लेव्हल मी कॉलम मॅकइनस, क्रेनवाला, याला देतो. कॉलम समोरच बसलाय. तो म्हणाला, "अरे, मी तर साक्षीदार होणार होतो." आता वेल्फेअर साहेबांचा नियम असा की ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये.

"मग पाना ठेव तुझा तुझ्याकडे," कॉलम म्हणाला. "तू गेल्यावर तो घेऊन मी काय करू, गळ्यात बांधू?"

म्हणून वरचं वाक्य खोडलं असं समजावं. हत्यारं स्टोअरात जमा करावीत. साक्षीदार कॉलमच.

पोस्टातली बचत बहीण मॉरीन हिला, म्हणजे तुलाच, मो. आकडा विचारू नकोस, हसशील.

माझ्या बॅगेत तळाशी एक लालसर केसांचा विग आहे. तो 'वॉर्फ स्क्वॉड' या मालिकेच्या मोठ्या नटाला पाठवावा. जो वकील हे वाचेल त्याच्यासाठी सांगतो. ही बारा वर्षांपूर्वीची पोलिसांची मालिका. दोन साध्या वेषातले पोलीस, रुंद कॉलर, सगळ्या लंडनभर गाड्यांची पळापळ, आणि गल्लीच्या तोंडाशी रचून ठेवलेली पुठ्ठ्याची रिकामी खोकी. त्या नटाने वर्तमानपत्रात सांगितलं होतं की गाडी तो स्वतःच चालवायचा. त्याला गिअर बदलता येत नव्हता. चालवायचे माझे वडील, रेज हॉब्डे, हा विग घालून. नटाने तो आता आपल्या टकलावर घालावा आणि आरशात बघावं. दुसरं त्याला काही नाही.

गेला आठवडा वादळ होतं. परांचीवर चढायला बंदी, हेलिकॉप्टर बंद. कुणीतरी शेटलंडहून टेपा आणल्या होत्या, त्यात ही मालिका निघाली. सगळी माणसं जेवणघरात बसून त्या जुन्या फॅशनच्या कपड्यांना हसत होती. मी मागे उभा होतो. मी बोललो नसतो, पण कालव्याकाठचा पाठलाग आला आणि तोंडातून गेलं, "हे माझे वडील."

"कुठले रे?" आचारी ओवेन प्रॉसरने विचारलं. "पोलीस की चोर?"

"दोन्ही."

मग सांगावंच लागलं. पैसे वाचवायला कंपनीने एकच ड्रायव्हर ठेवला होता. सकाळी डॅड विग घालून पोलिसाची गाडी पळवायचे, जेवण झालं की टोपी घालून चोराची. पडद्यावर एकाच्या मागे दुसरा. म्हणजे डॅड दिवसभर स्वतःच्याच मागे.

"मग शेवटी पकडलं कुणी?" ओवेनने विचारलं.

"कुणीच नाही. अंधार पडायला लागला, घरी आले."

सगळे इतके हसले की कॉलमच्या कपातला चहा सांडला. मीही हसलो. नंतर टेप परत लावली, तेव्हा सगळे झोपायला निघून गेले होते, वारा तेवढा होता. मी गाडीकडे बघत नव्हतो. शेजारच्या सीटकडे बघत होतो.

मो, तू लिहिलंस की डॅड रोज दुपारी गॅरेजमध्ये जाऊन दार आतून ओढून घेतात आणि गाडीत बसून त्या वाळूच्या पोत्याशी बोलतात. डोळे गेले तसं डोकंही चाललंय, असं तुझं म्हणणं. पण ते पोतं तू टीव्हीवर पाहिलंयस. दुसरा पोलीस म्हणून तेच असायचं. नटाचा विमा काढायला नको म्हणून वाळूच्या पोत्याला कोट आणि हॅट घालून पट्ट्याने बांधायचे. डॅड त्याला सार्जंट म्हणायचे. रात्री जेवताना आई विचारायची, "कसा गेला दिवस?" आणि ते म्हणायचे, "सोबत चांगली होती. एकदाही म्हणाला नाही, हळू चालव." आई हसायची. मला तेव्हा ही थट्टा वाटायची. आई गेल्यावर डॅडनी ती गाडी भंगाराच्या भावात विकत घेतली, ठोकून सरळ केली, आणि सार्जंटलाही बरोबर आणलं. म्हणजे हे बोलणं आजचं नाही. आपण घरात होतो तेव्हापासूनचं आहे. फक्त तू आत्ता ऐकलंस आणि मी तर इथे बसून ऐकतोय.

डॅडवर माझा राग आहे तो इथे नोंदवतो. त्यांनी मला गाडी शिकवली नाही. सतरा वर्षांचा होतो, मागे लागलो होतो. म्हणाले, "तुला पळवायची आहे. पळवणं कुणालाही जमतं. माझा धंदा आखलेल्या खुणेवर थांबण्याचा होता." मी म्हटलं, "मग थांबणं शिकवा." म्हणाले, "तू कुठे थांबतोस?" त्याच महिन्यात मी ॲबर्डीनला आलो. शिकवलं शेवटी एका मासळीच्या ट्रकवाल्याने. डोळ्यांमुळे लायसन्स गेलं तेव्हा डॅडनी गाडीचे कागद माझ्या नावावर केले. कागद दिले. किल्ली दिली नाही. ती अजून त्यांच्या खिशात आहे.

मी हे सगळं कॉलमला वाचून दाखवलं. म्हटलं, आता गाडी डॅडच्या नावावर करतो आणि मोकळा होतो. तो म्हणाला, "ज्याला दिसत नाही त्याला गाडी? पुन्हा तेच गॅरेज, तेच पोतं. मुलाने काय दिलं मग त्याला?" मी म्हटलं, तू लुईस बेटावरचा, तुला बोटीशिवाय काय कळतं? तो म्हणाला, "बोटीत एकट्याने बसत नाहीत एवढं कळतं. तुझी बहीण गाडी चालवते का?"

नाही चालवत. आणि मग आठवलं, मो, की माझ्याआधी तू मागे लागली होतीस. तुला तर डॅडनी कारणसुद्धा सांगितलं नाही. नुसते हसले आणि म्हणाले, "तू सार्जंटच्या जागी बस." तू बसली नाहीस. मीही त्यांच्याबरोबर हसलो होतो बहुतेक.

म्हणून मुख्य कलम असं. तपकिरी फोर्ड ग्रॅनाडा, चारही चाकं, मागे वाकलेला बंपर आणि आतला वास यासह, मी बहीण मॉरीन हिला देतो. अट एकच. तिने गाडी शिकावी, पैसे देऊन, नीट शाळेत, डॅडकडे नाही. लायसन्स मिळेपर्यंत गाडी विकू नये. मिळालं की पोत्याचा पट्टा सोडावा, वाळू मागच्या अंगणात ओतावी, आणि त्या सीटवर डॅडना बसवावं. कुठे जायचं ते त्यांना विचारू नकोस, ते कालवाच म्हणतील. ब्रायटनला ने. ते वाटेत ओरडतील, क्लच, क्लच करतील, नसलेल्या ब्रेकवर पाय दाबतील. तू एकदा तरी म्हण, "सार्जंट, गप बसा." पुढच्या वेळी त्यांना पोत्याशी नाही, माणसाशी बोलावं लागेल, आणि ते माणूस उत्तर देईल.

त्यानंतरही गाडी विकावीशी वाटली तर वीक, दातवाल्याला दे. मग माझं काही म्हणणं नाही.

वेल्फेअर साहेबांनी दारातून डोकावून सांगितलं की मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं, जिवंतपणी नाही. मी म्हटलं, साहेब, बाकीचं मेल्यावर लागू करा, गाडीचं कलम आजपासून. ते म्हणाले, असं चालत नाही, गाडीसाठी वेगळा कागद लागतो. मग तो कागदही मागवला, भरला, सही केली, या पाकिटात आहे. किल्ली मात्र तुला मागून घ्यावी लागेल. मला मिळाली नाही, तुला मिळेल. तू तिथे आहेस.

मी कधी येईन ते लिहीत नाही. इथलं काम मे महिन्यात संपतं, पुढे नॉर्वेच्या बाजूला एक काम आहे म्हणतात, माणसं हवीत. मी हो म्हणून बसलोय. डॅडना हे सांगू नकोस, ते म्हणतील मी सांगितलंच होतं.

मला पुरायचं झालं तर कुठेही चालेल, वाऱ्याची जागा नको.

वरचं सगळं मी वाचलं, माझंच आहे, सही माझ्या हाताची.

क्लाइव्ह आर. हॉब्डे

आम्हा दोघांच्या देखत सही झाली :
कॉलम मॅकइनस, क्रेनचालक (पाना न घेता)
ओवेन प्रॉसर, आचारी

स्कॉर्वा रिग, उत्तर समुद्र
११ फेब्रुवारी १९८८

ता. क. गॅरेजवाल्या मिस्टर टुलीला सांग, जागा सोडत नाही. त्याचं उन्हाळ्यापर्यंतचं भाडं, आणि उरतील ते तुझ्या शिकवणीचे, दोन्ही मिळून सोबत पाठवतो : दोनशे चाळीस पौंड.